सातबाऱ्याच्या आधीची वाटणी



आजचं वाचन कौषीतकी उपनिषदातलं, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटचं. ईश, केन, कठ ही नावं आपल्या कानावर असतात. ऋग्वेदाच्या परंपरेतलं हे उपनिषद मात्र फारसं कुणी उघडत नाही. आपला नेहमीचा क्रम मोडून ते आज घेतोय, कारण तुमच्यातले बरेच जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : आई-वडील सत्तरीला आलेत, मृत्युपत्राचं, पुढच्या आजारपणाचं त्यांच्याशी बोलायचं कसं? अभद्र नाही का वाटणार?

उपनिषदातल्या ऋषींना ते अभद्र वाटलेलं नाही. त्यांनी त्याचा विधीच करून ठेवलाय. नाव आहे संप्रदान. शाळेत चतुर्थी विभक्तीचा कारकार्थ म्हणून पाठ केलेला तोच शब्द. देणं, नीट सोपवून देणं.

विधी असा. वडिलांना वाटतं, आता आपले दिवस भरत आले. ते मुलाला बोलावतात. घरात ताजं गवत पसरलेलं, अग्नी मांडलेला, पाण्याचा कलश भरून ठेवलेला. वडील नवं वस्त्र पांघरून आडवे. मुलगा येऊन त्यांच्यावर झुकतो, इंद्रियांना इंद्रियं टेकतील असा. नाहीतर समोरासमोर बसलं तरी चालतं, अशी मुभा आहे. मग वडील एकेक गोष्ट नाव घेऊन मुलाच्या ठायी ठेवतात, आणि मुलगा प्रत्येक वेळी ती घेतल्याचं मोठ्याने सांगतो. वाचा. प्राण. डोळे. कान. अन्नाची चव. कर्म. सुख आणि दुःख. चालणं. मन. प्रज्ञा. सगळं झाल्यावर मुलगा उजवी घालून पूर्वेकडे निघतो. वडील मागून त्याला यश आणि तेज लाभो म्हणतात. मुलगा डाव्या खांद्यावरून वळून बघतो, हाताने किंवा वस्त्राच्या टोकाने चेहरा झाकून, आणि वडिलांना उत्तम लोक मिळोत असं म्हणतो. चेहरा का झाकायचा ते सांगितलेलं नाही. मला वाटतं, रडू दिसू नये म्हणून.

आता यादी पुन्हा वाचा. शेत कुठे आहे? गायी? सोनं? एकही नाही. आणि त्या काळी लोकांकडे मालमत्ता नव्हती असं अजिबात नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघतात तेव्हा आधी दोन्ही बायकांची वाटणी करायला बसतात. मैत्रेयी विचारते, या धनाने मी अमर होईन का, आणि पुढचा सगळा ब्रह्मविद्येचा संवाद तिथून सुरू होतो. कीर्तनात मैत्रेयीच येते. कात्यायनीबद्दल कुणी बोलत नाही, पण तिलाही वाटा मिळणार होता, आणि तोही नवऱ्याच्या हयातीत, त्याच्याच तोंडून. तेव्हा मालमत्तेची वाटणी ऋषींना माहीत होती. तरीसुद्धा शेवटच्या बोलावण्यात त्यांनी जी यादी ठेवली ती शरीराची आणि मनाची. एका माणसाचं बोलणं, बघणं, चालणं दुसऱ्याने अंगावर घ्यायचं.

आमच्याकडे, गंगाखेड तालुक्यात, वाटणी म्हणजे सातबारा. 'वाटण्या झाल्या का?' म्हणजे 'जमीन तोडली का?' अप्पांचे डोळे कुणाच्या वाट्याला आले, असं कुणी विचारत नाही. ते मागाहून, आपोआप, कुणातरी बाईच्या वाट्याला येतात.

आमच्या घरी ती बाई म्हणजे आई होती. आजीला अर्धांगवायू झाला आणि ती तीन वर्षं अंथरुणावर होती. कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं आईने केलं. आजीची जमीन, दागिने यांच्यावर नातेवाइकांची चार वेळा बैठक झाली. आजीच्या कुशीवर एकही झाली नाही.

आता अप्पांना पार्किन्सन निघालाय. ते निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. मी पुण्यात, दादा-वहिनी गावाकडे शेतीवर, ताई नांदेडला. डॉक्टर म्हणाले, हा वर्षानुवर्षांचा आजार आहे, तयारी ठेवा. म्हणून या दिवाळीला आम्ही सगळे बसलो आणि मी उपनिषदातली यादी वहीवर लिहून समोर ठेवली. अप्पा हसले. म्हणाले, "अरे, हे तर माझ्या डॉक्टरच्या फाईलीसारखं झालं."

खरंच तसं आहे. पार्किन्सन हीच यादी घेऊन येतो. आवाज बारीक होत जातो, म्हणजे वाचा. अक्षर आकसत जातं. पावलं छोटी होतात, वळताना तोल जातो, म्हणजे चालणं. पुढे गिळायला त्रास होतो, म्हणजे अन्नरस. काहींच्या बाबतीत बऱ्याच पुढे मन आणि बुद्धीही.

वाचेवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. डॉक्टरांशी कोण बोलणार? फोनवर तिघांनी तीन गोष्टी सांगायच्या आणि डॉक्टरांनी चौथं समजायचं, हे आम्ही आजीच्या वेळी बघितलंय. ठरलं : डॉक्टरांशी ताई बोलेल, ती रुग्णालयात काम करते, तिला भाषा कळते. बँकेशी दादा. कागदपत्रं आणि विमा मी, कारण ते पुण्यातून होतं. दूर राहणाऱ्या मुलाने पैसे पाठवले की त्याचं कर्तव्य झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. पैसे हवेतच. पण डोळेही दूरवरून देता येतात. प्रत्येक बिल वाचणं, पॉलिसीची तारीख सांभाळणं, सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून मिळणारं पाच लाखांच्या संरक्षणाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवणं. (ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या सांभाळणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. तो वेगळा धरा, दरमहा.)

बँकेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात लोक अडकतात. सही जुळली नाही की पेन्शन अडते. हात फार थरथरू लागण्याआधीच अप्पांच्या खात्यात आईचं नाव जोडलं, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल आणि मागे राहील त्याचं चालू राहील. सहीच जमेनाशी झाली तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचाच अधिकारी. आणि मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. ज्याने ते दिलं त्याची बुद्धी गेली की आपल्या कायद्यात सामान्यतः मुखत्यारपत्रही गेलं. नेमकी गरज लागते तेव्हाच ते उपयोगी पडत नाही, आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. 'प्रज्ञा' यादीत शेवटी आहे, पण प्रज्ञा शाबूत असतानाच यादी पुरी करायची असते.

उपनिषदाने याचीही दखल घेतलीय. वडिलांना फार बोलवत नसेल तर एकेक नाव न घेता त्यांनी थोडक्यात, एका वाक्यात सगळे प्राण सोपवावेत, असं तिथे आहे. म्हणजे उशीर होतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले अपवादाची वाट लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सोडत नाही. ऋषींनीही सोडलेला नाही.

मनाबद्दल बोलणं सगळ्यात अवघड होतं. शेवटी यंत्रांवर ठेवायचं का? हा प्रश्न मी विचारला नाही, अप्पांनीच काढला, आणि विनोबांचं नाव घेतलं. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं आणि 15 तारखेला देह ठेवला. आईने लगेच तोडलं, "ते ऋषी होते. तुम्ही नाहीत." यावर सगळे हसले, पण विषय राहिला. कायद्यात आज वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. बरं होण्याची आशा संपल्यावर काय करू नये आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यात लिहायचं. अप्पांनी ताईचं नाव सांगितलं. दादाने मान खाली घातली, पण त्याला हायसं वाटलं असावं.

यानंतर जमीन.

साडेसहा एकर. त्यातली चार पणजोबांपासून आलेली, अडीच अप्पांनी नोकरीच्या पैशातून घेतलेली. हा फरक आधी समजून घ्या. अडीच एकर अप्पांची स्वतःची, ती ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित चारमध्ये मुलांचा जन्मतः हक्क आहे आणि मुलीचाही तेवढाच. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 ला वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क जन्मापासून आहे. त्या चारमधला आपला स्वतःचा हिस्सा मात्र अप्पा मृत्युपत्रात लिहू शकतात.

गावातल्या एका माहीतगार गृहस्थांचा सल्ला वेगळा होता. "मृत्युपत्र कशाला? आत्ताच पोरांच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. आणि ताईची हक्कसोड घेऊन ठेवा." बक्षीसपत्र स्वस्त पडतं हे खरं, शेतजमीन मुलांना देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. म्हणूनच लोक पटकन करतात.

इथे आजच्या वाचनातलं सगळ्यात बोचरं वाक्य येतं. सगळं सोपवून झालं आणि वडील बरे झाले तर? उपनिषद म्हणतं, त्यांनी मुलाच्या सत्तेखाली राहावं, किंवा घर सोडून निघून जावं. बास. दोनच वाटा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती कोरडं. आता वाटतं, ती धोक्याची सूचना आहे. देऊन टाकल्यावर देणाऱ्याचं काय होतं, हे त्यांनी गोड करून सांगितलेलं नाही. निघून जाण्याची वाट त्या काळी संन्यासाची होती. आज पार्किन्सनचा माणूस कुठे जाणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सेवा आत्ता सोपवा, मालकी नंतर. वाचा, डोळे, चालणं जिवंतपणी वाटून द्यायचं. जमीन मृत्युपत्रात ठेवायची. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, शेवटचं लिहिलेलं तेच खरं. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ते बघितलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार वाटेकरी नसावेत आणि शक्यतो लिहिणाऱ्यापेक्षा तरुण असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण अप्पांसारख्या थरथरत्या सहीच्या बाबतीत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. उद्या कुणी 'ही सही त्यांची नाही' म्हणायला नको.

ज्यांना जिवंतपणी द्यायचंच आहे त्यांनी सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 अशा अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवून देतं. आमच्या शेजारी लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न बघणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापायचं ठरवलं होतं. पुंडलिकाच्या महाराष्ट्रात पगार कापावा लागतो, यावर कीर्तनकारांनी एक रात्र बोलावं.

नॉमिनीबद्दलही एक शब्द, कारण तुमच्यातले निम्मे जण 'नॉमिनी टाकलाय, झालं' म्हणणारे आहात. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्यामागे त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला : शेअर, म्युच्युअल फंडाचा नॉमिनी हा मालक होत नाही, तो फक्त स्वीकारून ठेवणारा, मालकी मृत्युपत्राप्रमाणे, नाहीतर वारसा कायद्याप्रमाणे. आणि त्यांनी तर मृत्युपत्र केलेलं होतं. आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर ज्यांच्या तारखा लटकतात त्यांच्या घरी हे होतं, तर आपण कोण.

आता हक्कसोड. यावर मी देहूची गोष्ट सांगितली. तुकोबांच्या घरी सावकारी होती, लोकांकडून येणं असलेले कागद होते. परंपरा सांगते की ते कागद इंद्रायणीत बुडवायचे ठरले तेव्हा धाकट्या कान्होबाला ते पटेना. तेव्हा तुकोबांनी कागदांची वाटणी केली. अर्धे कान्होबाच्या हातात दिले आणि आपले अर्धे पाण्यात सोडले. आपण या गोष्टीतला फक्त डोह लक्षात ठेवतो. पण त्याआधी वाटणी आहे. वैराग्याच्या भरातही तुकोबांनी दुसऱ्याचा वाटा बुडवला नाही. सोडायचं ते आपलं, आणि तेही हातात आल्यावर.

ताईची हक्कसोड घेणं म्हणजे तिचे कागद आपण बुडवणं. तिला सोडायचं असेल तर आधी तिचं नाव लागू दे, तिचा हिस्सा किती हे तिला आकड्यात कळू दे, मग ती ठरवेल. दादाला हे लगेच पटलं नाही. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं : "जमीन मी कसतो, अप्पांना रात्री मी उठवतो. वाटा सारखा आणि रात्री माझ्या?" याला माझ्याकडे कुठल्याही उपनिषदातून उत्तर नव्हतं. ताईच बोलली. म्हणाली, अप्पांनी त्यांच्या अडीच एकरातलं जास्तीचं दादाला लिहावं, माझी हरकत नाही, पण कारण लिहून : सांभाळल्याबद्दल. आणि वडिलोपार्जित जमिनीत माझं नाव राहू दे. अप्पांनी ते वहीत टिपून घेतलं, बारीक झालेल्या अक्षरात. दादा 'बघू' म्हणाला.

मग आई बोलली. एवढा वेळ ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. "जमिनीचं बोलायलाव, यांच्या गोळ्यांचं बोलायलाव. माझं कुणी बोलंना. यांचं मी करीन. माझं कोण करंल? अन् यांचं करता करता मी पडले तर?"

आमच्या यादीत ते नव्हतं. उपनिषदातही नाही, तिथे फक्त बाप आणि मुलगा आहेत.

पण आमच्या गंगाखेडात आहे. जनाबाई गंगाखेडची. वडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं आणि नामदेवांच्या घरचं दळण-कांडण, पाणी, झाडलोट तिने जन्मभर केली. तिच्या कथेत विठ्ठल काय करतो? दर्शन देऊन जात नाही. जात्याला हात लावतो. पुंडलिकासाठी तो विटेवर थांबला, कारण पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. जनाबाईकडे तो थांबलासुद्धा नाही, खुंट्याला धरून दळायला बसला. सेवा करणाऱ्या माणसाचं ओझं अर्धं करणं, हे देवाने स्वतः केलेलं काम आहे.

वहीत नवीन पान घातलं, वर आईचं नाव. दिवसाच्या पाळीला गावातलीच एक बाई, तिचा पगार मी आणि ताई मिळून देणार. रविवारी आई मोकळी, त्या दिवशी अप्पांचं सगळं दादा करणार, वहिनी नाही, दादा. वर्षातून एक महिना अप्पा-आई नांदेडला. अडीच एकरातल्या एक एकरावर आईचं नाव आत्ताच लावायचं. अप्पांना इथे शरद जोशींची आठवण झाली. 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून. अप्पा सभेला गेले होते, टाळ्या वाजवून आले होते. आई म्हणाली, "टाळ्याच वाजवल्या तवा."

बक्षीसपत्राचा दिवस अजून ठरायचाय. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे, आणि दादाचं 'बघू' अजून 'बघू'च आहे. पुढच्या महिन्यात मी जातोय तेव्हा पुन्हा बसू.

तुमच्याकडे बसणार असाल तर वही घ्या आणि कौषीतकीतली यादी त्याच क्रमाने लिहा. जमीन शेवटी. यादीतल्या 'सुख-दुःख' या शब्दाजवळ थोडं थांबा. आम्ही तिथे काही लिहिलं नाही, अप्पांनी नुसता ताईचा हात धरला.

उद्या बृहदारण्यकातला मैत्रेयीचा संवाद घेऊ. कात्यायनीसकट.

रामकृष्णहरी.